काका, ह्या रिव्हॉल्व्हरची नळी खाली कशी काय?

सवाल-जवाब : पत्रं वाचकांची, उत्तरं आर्मररकाकांची

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की रिव्हॉल्व्हरमध्ये आता नवीन असं काही होत नाही, जे व्हायचं ते आपल्या आज्या-पणज्याच्या काळातच होऊन गेलं. झालं, त्यावर पत्रांचा ढीग आला आणि निम्म्या लोकांनी एकाच हत्याराचा फोटो जोडलाय, इटलीच्या कियाप्पा कंपनीची राइनो. म्हणून ह्या महिन्याचं पान बहुतेक तिलाच दिलंय, बाकीच्यांनी राग मानू नका.

आधीच सांगून ठेवतो. फौजेत मी ईएमईमध्ये, म्हणजे दुरुस्तीवाल्या शाखेत, आर्मरर होतो, म्हणजे बंदुका दुसऱ्यांनी चालवायच्या आणि मी खोलून, पुसून, दुरुस्त करून परत द्यायच्या. राइनो मी स्वतः चालवलेली नाही. पण माझा भाचा अमेरिकेत ह्यूस्टनला असतो, ग्रीन कार्डवाला, त्याच्याकडं चार इंची नळीची आहे. त्याला रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बसवलं, ती रिकामी करून किचनच्या टेबलावर ठेवायला लावली आणि तासभर हे दाखव, ते दाखव, जरा उजेडात धर असं करून त्याचं डोकं खाल्लं. खाली जे लिहिलंय ते ह्या भांडवलावर.

सवाल (उदगीर) : काका, आमच्याकडं टपरीवर रोज संध्याकाळी चार-पाच जण बसतो. एकानं मोबाइलवर ह्या रिव्हॉल्व्हरचा फोटो दाखवला, नळी एकदम खाली, वरनं सपाट पट्टी. एक जण म्हणायलाय फोटोशॉप हाय, दुसरा म्हणायलाय कारखान्यात नळी उलटी बसली आन् तसंच विकायलेत. पैज लागलीय, पाच चहा. काय खरं?

जवाब : पाचही चहा दोघांनी मिळून द्या, दोघंही चुकलेत.

फोटो खरा आहे आणि नळी मुद्दाम खाली आहे. सिलिंडर म्हणजे काडतुसांची चक्री, तिला बहुतेक वेळा सहा घरं असतात. घड्याळाचा काटा डोळ्यापुढं आणा. आपल्याला माहीत असलेल्या बहुतेक सगळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बाराच्या जागी असलेल्या घरातनं गोळी सुटते, म्हणून नळी वर. राइनोमध्ये सहाच्या जागी असलेल्या घरातनं सुटते, म्हणून नळी खाली. बाकी घड्याळ तेच.

आता एवढा उपद्व्याप कशाला. घरातलं लोखंडी कपाट सरकवलंय का कधी? वरच्या टोकाला हात लावून ढकललं तर कपाट सरकत नाही, कलंडायला बघतं, बायको ओरडते. तेच खाली गुडघ्याच्या उंचीवर रेटा दिला की सरळ मागं सरकतं. रिव्हॉल्व्हरचंही तसंच आहे, गोळी पुढं जाते तेव्हा हत्यार मागं येतं, आणि ते मागं येणं होतं नळीच्या रेषेत. ती रेषा मनगटाच्या बरीच वर असली की मूठ हातात राहते पण तोंड वर उडतं. रेषा खाली आणली, हाताच्या जवळजवळ समोर, तर तोंड कमी उडतं आणि झटका सरळ तळहातात येतो. तोंड कमी उडालं म्हणजे दुसऱ्या गोळीला नेम लवकर सापडतो, सगळी मेहनत त्यासाठी.

पण टपरीवर हे सांगताना "झटकाच लागत नाही" असं सांगू नका, आजकाल व्हिडिओवाले तसंच म्हणायलेत. झटका कुठं जाणार हो? काडतूस तेच, वजन तेच, तर मागं येणारा रेटा पण तेवढाच. फक्त त्याची वाट बदलली. भाच्याचं म्हणणं असं की मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं काडतूस टाकल्यावर मनगट शांत राहतं पण तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, ठणका बसतो.

सवाल (नांदेड) : साहेब, मी पोलीस खात्यातून रिटायर आहे. आमच्या हातात जुनी इंग्रजी वेब्ले रिव्हॉल्व्हर असायची, काय देखणी चीज होती. ही राइनो बघितली आणि पाण्याच्या पाइपाला मूठ बसवल्यासारखी वाटली. एवढ्या कुरूप वस्तूचं लोकांना कौतुक कशाचं आहे ते तरी कळू द्या.

जवाब : साहेब, पहिल्यांदा बघितल्यावर मलाही असंच वाटलं होतं, आमच्या हिच्या भाषेत सांगायचं तर थोबाड पुढं आलेलं. पण तासभर बघत बसल्यावर मत थोडं पातळ झालं, का ते सांगतो.

तिच्यातली एकेक विचित्र गोष्ट कामासाठी आहे, नखरा म्हणून नाही. सिलिंडर गोल नाही, सहा बाजूंनी चपटं केलेलं आहे, कारण दोन घरांच्या मधलं जास्तीचं लोखंड काढलं की कमरेला जाडी कमी लागते. अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, त्यामुळं दोन इंची नळीची राइनो साधारण ७०० ग्रॅमच्या आसपास बसते. घोडा म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका मारणारा भाग, पण हिच्या मागं जो घोडा दिसतो तो घोडाच नाही! ही गोष्ट मला लई आवडली. खरा घोडा आत लपलेला आहे, खाली, कारण काडतुसाचं बूडच खाली आलंय, तिथंच ठोका मारायचा. बाहेरचा जो दांडा आहे तो नुसता आतला घोडा चढवायला. तो मागं ओढला की आत घोडा चढतो आणि दांडा परत आपल्या जागी येऊन बसतो, जणू काही झालंच नाही. मग हत्यार चढलेलं आहे का नाही हे कळायचं कसं? तर वर मागच्या बाजूला एक लाल दाणा उचलून येतो, तो दिसला की समजायचं घोडा चढलाय.

आता आर्मरर म्हणून विचाराल तर हीच गोष्ट मला खटकते सुद्धा. वेब्लेचा घोडा चढलेला असेल तर दहा फुटावरनं अंधारात दिसतो, हात फिरवला तरी कळतो. इथं एका दाण्यावर भरोसा. तुम्ही ठाण्यात हत्यारं जमा करून घेतली असतील, आचारसंहिता लागली की रांग लागते ना, अशा वेळी घाईत शंभर हत्यारं हाताळणाऱ्या हवालदाराला असला लपलेला घोडा दिला तर मला तरी झोप लागणार नाही.

देखणेपणाचं म्हणाल तर वेब्लेपुढं कुणीच नाही, तिथं आपलं एकमत.

सवाल (परभणी) : काका, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी "राइनो रिव्हॉल्व्हरची मेकॅनिझम" हा विषय घेतलाय आणि सरांनी पहिलाच प्रश्न विचारला की नळी खाली ठेवणं इतकं फायद्याचं आहे तर सॅम्युएल कोल्टच्या पहिल्या रिव्हॉल्व्हरपासून आजपर्यंत कुणाला सुचलं कसं नाही? मला उत्तर देता आलं नाही, सगळे हसले.

जवाब : ताई, हसणाऱ्यांना हसू दे, सर एक नंबरचे आहेत. हाच प्रश्न विचारायला पाहिजे.

कोल्टनं अमेरिकेत पेटंट घेतलं १८३६ साली. तेव्हा आजच्यासारखं पितळी काडतूस नव्हतं. घरात दारू भरायची, गोळी ठासायची आणि सिलिंडरच्या मागच्या बाजूला प्रत्येक घराला एक छोटी टोपी बसवायची, घोडा त्या टोपीवर पडला की उडालं. आता अंगठ्यानं चढवायचा घोडा सगळ्यात सोपा कुठं बसेल? वर, मागं, अंगठ्याच्या समोर. आणि तो वरनं कोसळून सगळ्यात सोपं कुठलं घर गाठेल? वरचंच. एक बिजागरी, एक स्प्रिंग, काम झालं. नळी वर गेली ती कुणी हिशोब करून नेली नाही, घोड्याच्या मागं मागं गेली.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. १८७३ ची कोल्ट, ती काउबॉयवाली, तिच्या मुठीला अमेरिकेत नांगराची मूठ म्हणतात, आकारच तसा, खाली वळत गेलेला. गोळी सुटली की ती मूठ हातात फिरते, हत्यार वर लोळतं, आणि वर लोळल्यावर घोडा आपोआप अंगठ्याखाली येतो, पुढच्या गोळीसाठी चढवायला तयार. म्हणजे बघ, ज्याला आज आपण दोष म्हणायलोत तो त्या काळात सोय होती! प्रत्येक गोळीला घोडा अंगठ्यानंच चढवायचा असेल तर तोंड वर उडालेलं परवडतं. सेमिनारमध्ये हे नक्की सांग, आणि सांगताना हातात काहीतरी धरून मनगट वळवून दाखव, म्हणजे मागच्या बाकावर बसलेल्यांना पण कळेल.

मग नुसता ट्रिगर ओढत भराभर गोळ्या मारायचा जमाना आला, आणि १९३५ साली स्मिथ अँड वेसननं पॉइंट ३५७ मॅग्नम काडतूस आणलं, ते चांगलंच दणकट. तेव्हा कुठं तोंड वर उडणं ही कटकट झाली. पण तोवर शंभर वर्षं झालेली, कारखान्यांच्या मशिनी, चामड्याची पाकिटं, शिकवणाऱ्यांच्या सवयी, सगळं वरच्या नळीला जुळलेलं. चालत्या बैलगाडीचं चाक कोण काढतो.

आणि कुणालाच सुचलं नाही असंही नाही. झटक्याशी भांडणारे आधीपासून होते. १९०१ च्या सुमाराला वेब्ले-फॉसबरी आली, तिच्यात गोळी सुटली की नळी आणि सिलिंडरसकट वरचा अख्खा भाग मुठीवरनं मागं सरकायचा, आणि सिलिंडरवर जी नागमोडी खाच कोरलेली असायची तिच्यातनं एक खुंटी फिरून पुढचं घर समोर आणायची. झटक्यालाच कामाला लावलं. तो फॉसबरी इकडं हिंदुस्थानात इंग्रजांच्या बंगाल आर्मीत होता, १८६३ च्या सरहद्दीवरच्या लढाईत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण ती नागमोडी खाच उघडी, चिखल-माती बसली की अडकायची, म्हणून खंदकाच्या लढाईत तिची काही डाळ शिजली नाही.

राइनोचा खरा बाप म्हणजे एमिलिओ गिसोनी, इटलीचा. ह्या माणसाला खालच्या नळीचं वेडच होतं. आधी त्यानं माटेबा नावानं हत्यारं काढली, त्यातली १९९७ ची युनिका सहा म्हणजे कमाल, नळी खाली तर आहेच वर फॉसबरीसारखा वरचा भाग मागं सरकून घोडा चढवतो. म्हणजे दोन खुळं एकाच ठिकाणी. महाग, जड, थोड्याच लोकांनी घेतली. मग त्यानं सरकणारा भाग सोडून दिला, खालची नळी तेवढी ठेवली, आणि त्यातनं राइनो निघाली. कियाप्पानं ती बाजारात आणली २०१० च्या आसपास. गिसोनी २००८ लाच वारला होता. आयुष्यभर एकच गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला बघितली आणि ती दुकानात लागली तेव्हा बघायला माणूस नाही. हे सेमिनारमध्ये नाही टाकलंस तरी चालेल, पण मला हे वाचल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

सवाल (लातूर) : तुमचा भाचा तिचं कौतुकच करणार, पैसे घातलेत त्यानं. तोटे सांगा, खरे खरे.

जवाब : भाच्याला हे वाचून दाखवलं, तो हसला आणि मग स्वतःच तोटे सांगायला बसला.

पहिला तोटा बोटांचा. कुठल्याही रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी ह्यांच्यामध्ये बारीक फट असते, कागद जाईल एवढी, कारण सिलिंडर फिरलं पाहिजे. त्या फटीतनं दर गोळीला पेटता गॅस बाजूला फुटतो, चाकूसारखा. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती फट वर असते, हातापासनं लांब. इथं नळी खाली आली म्हणजे फट पण खाली आली, बोटांच्या शेजारी. पिस्तूल धरायची सवय असलेला माणूस दुसऱ्या हाताचा अंगठा पुढं ताणून धरतो, तसा धरला की गेलाच. भाच्यानं दुसऱ्याच दिवशी भाजून घेतलं, चूक त्याचीच, आता तो अंगठे एकावर एक दुमडून धरतो.

दुसरा तोटा नेमाचा, आणि ह्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. नेम धरायची माशी वर पट्टीवर आणि गोळी निघते पार खालनं. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये माशी आणि नळी एकमेकीच्या अंगाला लागून असतात. इथं दोघींमध्ये चांगलं अंतर, म्हणून अगदी जवळच्या निशाण्यावर गोळी नेमाच्या खाली लागते. बोअरवेलच्या पाइपाच्या वर वीतभर दुर्बीण बांधून बघितल्यासारखं. लांबच्या अंतराला माशी जुळवून घेतलेली असली की जवळ हा फरक दिसतोच.

तिसरा, पोटात पसारा. साधी रिव्हॉल्व्हर झाकण काढून बघितली की घोडा, ट्रिगर, स्प्रिंगा, सिलिंडर फिरवणारा हात, एका नजरेत कळतं. राइनोचं झाकण काढलेले फोटो बघितले तर आत दांड्या, त्या दांड्यांना ढकलणाऱ्या दांड्या, मध्ये स्प्रिंगा. वरचा अंगठा आणि खालचा घोडा ह्यांची गाठ घालायची म्हणजे मध्ये एवढे मध्यस्थ लागणारच, आपल्याकडच्या सोयरिकीसारखं. फौजेत आम्हाला शिकवलेलं की जो भाग नाही तो तुटत नाही. म्हणून बाहेरचा दांडा ओढायला पण जड जातो, सगळ्या मध्यस्थांना एकदम हलवायचं असतं ना. भाचेसून म्हणते तिला दोन्ही अंगठे लावावे लागतात.

चौथा, पैसा. तिकडं हजार डॉलरच्या वर जाते. तेवढ्यात साधी चांगली रिव्हॉल्व्हर येऊन वर काडतुसांचे डबे येतात.

माझं मत विचाराल तर नळीची जागा गिसोनीनं बरोबर ओळखली, त्यात वाद नाही. पण घोडा वरनं चढवायचा हट्ट त्याला सोडता आला नाही आणि सगळा पसारा त्या हट्टापायी झाला. बाहेरचा दांडा काढून टाका, नुसता ट्रिगर ओढून चालवा, निम्मं लोखंड आतनं निघून जाईल. तशी नुसत्या ट्रिगरवर चालणारी दोन इंची राइनो कंपनीनं काढली सुद्धा, पण आतला बाकी सांगाडा तोच ठेवला. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं!

सवाल (जालना) : माझ्याकडं परवाना आहे, राइनो मागवता येईल का? नाही तर आपल्या इथलं काय घ्यावं?

जवाब : नाही येत. साध्या परवानाधारकाला बाहेरनं हत्यार आणता येत नाही, ती सवलत नामवंत नेमबाजांना आहे, तीही खेळासाठी. कुणी एजंट "करून देतो" म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका, पैसेही जातील आणि परवानाही.

आपल्याकडं साध्या माणसासाठी पॉइंट ३२ च्या मापाची रिव्हॉल्व्हर मिळते. कानपूरची जुनी पॉइंट ३२ आहे, वेब्लेच्याच वळणाची, मधनं मोडून भरायची. २०१४ साली निर्भीक नावाची रिव्हॉल्व्हर निघाली, ५०० ग्रॅमची, किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती तेव्हा लोकांनी तोंडात बोट घातलं होतं. आणि २०२३ मध्ये प्रबल आली, तीही कानपूरची, साधारण ७०० ग्रॅम, तिचं सिलिंडर बाजूला उघडतं, मोडावं लागत नाही. बाजूला उघडणारं सिलिंडर जगात कधीचं आलंय पण आपल्या कारखान्याला इथवर यायला एवढी वर्षं लागली, असो, आली हे बरं. दुकानात जाऊन हातात धरून बघा, ट्रिगरपर्यंत बोट पोचतं का ते बघा, जाहिरात वाचून घेऊ नका. आणि कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, तिसरं घरात असेल तर ते आधी निकाली काढा.

सवाल (हिंगोली) : रानडुकरं आन् रोही सोयाबीन ठेवंनात. मॅग्नमची रिव्हॉल्व्हर असली तर कामाला यील का?

जवाब : दादा, नाही. दोन-तीन इंची नळीनं अंधारात पळतं डुक्कर लागत नाही, जखमी झालं तर उलट तुमच्याच अंगावर येतं. आणि त्यांना मारायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते, परवाना असला म्हणून मारता येत नाही. नुकसानीचा पंचनामा करून घ्या, अर्ज टाका, कुंपणाचं बघा. रिव्हॉल्व्हरच्या पैशात बरंच कुंपण होतं.

सवाल (बीड) : पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे, वरातीत दोन बार हवेत काढायचेत, घरची परंपरा आहे. कोणतं काडतूस आवाजाला चांगलं?

जवाब : फटाक्याची माळ. हवेत गेलेली गोळी खाली येते हो, मांडव असो नाही तर शेजाऱ्याची गच्ची. आणि २०१९ पासून असल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद नाही तर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता वरातीत शंभर मोबाइल शूटिंग करत असतात, पुरावा नवरदेवाच्या मित्रांनीच स्टेटसला ठेवलेला असतो.

सवाल (परभणीच्या ताईंचंच दुसरं पत्र, अंक छापायला जायच्या आधी आलं) : काका, सेमिनारसाठी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लाकडाचं मॉडेल करायचं म्हणतेय, खऱ्या मापाचं. काळा रंग देऊ का स्टीलसारखा?

जवाब : दोन्ही नको. झगझगीत पिवळा दे, आणि खऱ्या मापाचं नको, चौपट मोठं कर, म्हणजे आतल्या दांड्या पण दाखवता येतील आणि कुणाला शंका येणार नाही. एक बाजू उघडी ठेव, पारदर्शक शीट लाव. घोडा आणि बाहेरचा दांडा वेगवेगळ्या रंगाचे कर, सरांचा पुढचा प्रश्न तिथंच येणार. आणि एसटीनं न्यायचं असेल तर पिशवीतनं मूठ बाहेर डोकावू देऊ नकोस, पिवळी असली तरी. कंडक्टरला समजावण्यात तुझा स्टॉप जाईल.